पटकीचा उगम शोधणारा नकाशा
(इयत्ता पाचवी ते सातवी : भूगोल, गणित व आरोग्यशिक्षण यांच्या समन्वयाचा पाठ)

नकाशा म्हटला की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे नद्या, पर्वत, जिल्ह्यांच्या सीमा आणि मुख्य ठाणी उभी राहतात. जे अगोदरच ठाऊक आहे ते कागदावर मांडून दाखविणारे साधन, एवढीच नकाशाची ओळख त्यांस असते. एखादी अज्ञात गोष्ट शोधून काढण्यासही नकाशाचा उपयोग होतो, ही कल्पना वर्गात सहसा येत नाही. ती आणून देण्यास १८५४ साली लंडन शहरात उसळलेल्या पटकीच्या साथीइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. या पाठास भूगोल लागतो, बेरीज-वजाबाकी व शेकडेवारी लागते, आरोग्यशिक्षण तर त्यात आहेच. आणि गोष्ट म्हणूनही तो मुलांना धरून ठेवतो.

१८१७ साली खालच्या बंगालात उद्भवलेली पटकीची साथ व्यापाराच्या व लष्कराच्या मार्गांनी आशिया खंडात पसरली आणि पुढच्या लाटेत, १८३१ साली, इंग्लंडच्या किनाऱ्यास लागली. त्या वेळी जॉन स्नो हा मजुराचा मुलगा न्यूकॅसल येथे एका वैद्याच्या हाताखाली शिकत होता. वय अवघे अठरा वर्षांचे. जवळच्या किलिंगवर्थच्या कोळशाच्या खाणीत पटकीने माणसे पडू लागली तेव्हा त्यांच्या शुश्रूषेसाठी त्यास पाठविण्यात आले. पुढे स्नो लंडनमध्ये नावाजलेला डॉक्टर झाला. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देण्याच्या शास्त्रात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि १८५३ साली व्हिक्टोरिया राणीच्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म देण्याचे काम त्याच्याकडेच आले. पटकीचा प्रश्न मात्र त्याने सोडला नाही.

त्या काळी बहुतेक विद्वानांची समजूत अशी होती की, कुजक्या घाणीतून उठणारी दूषित हवा श्वासावाटे शरीरात जाते आणि पटकी होते. समजूत वेडगळ नव्हती. जेथे दुर्गंधी तेथे रोग, हे तर सर्वांच्या नित्य अनुभवाचे होते. स्नोने एक साधी शंका काढली. रोगाचे विष हवेतून येत असेल तर प्रथम फुप्फुसे बिघडावयास हवीत. पटकीत तर प्रथम आतडी बिघडतात, उलट्या व जुलाब होतात. तेव्हा हे विष तोंडावाटे पोटात जात असले पाहिजे, आणि रोग्याच्या मलातून ते पाण्यात उतरत असले पाहिजे. हे मत त्याने १८४९ साली एका लहानशा पुस्तिकेत मांडले. ते फारसे कोणी मानले नाही. मानावे असा पुरावाही तेव्हा त्याच्यापाशी पुरेसा नव्हता.

१८५४ च्या ऑगस्टअखेर लंडनमधील सोहो नावाच्या दाट वस्तीत साथ उफाळली. तारखेवार आकडे फळ्यावर लिहून द्यावेत, म्हणजे तिचा वेग मुलांच्या ध्यानी येईल. पुढे ज्यांचा अंत झाला अशा रोग्यांपैकी ३१ ऑगस्ट रोजी ५६ जण आजारी पडले. १ सप्टेंबर रोजी १४३. २ सप्टेंबर रोजी ११६. ३ सप्टेंबर रोजी ५४. ब्रॉड स्ट्रीट आणि केंब्रिज स्ट्रीट हे रस्ते जेथे मिळतात, त्या चौकापासून सुमारे २५० यार्डांच्या आत दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसे या रोगाने गाठली आणि ती दगावली. आपल्याकडील मध्यम गावाच्या गावठाणात जेवढी जागा असते, साधारण तेवढ्यातच हे घडले. लोक घरांना कुलपे लावून वस्ती सोडून गेले.

स्नो तेथून जवळच राहत असे. ब्रॉड स्ट्रीटवर एक सार्वजनिक पंप होता. खाली विहीर, वर हाताने चालवावयाचा दांडा. त्याचे पाणी चवीला चांगले म्हणून प्रसिद्ध होते, आणि दुसरा पंप जवळ असूनही काही घरे मुद्दाम येथूनच पाणी नेत. स्नोने पाणी तपासले. ते बऱ्यापैकी स्वच्छ दिसले, सूक्ष्मदर्शकातूनही ठाम असे काही हाती लागले नाही. पाण्याकडे पाहून दोष सापडेना, तेव्हा त्याने माणसांकडे पाहण्याचे ठरविले. जन्ममृत्यूची नोंद ठेवणाऱ्या कार्यालयातून त्याने त्या आठवड्याच्या अखेरच्या तीन दिवसांत मेलेल्या ८३ जणांची घरपत्त्यांसह यादी मिळविली आणि तो दारोदार फिरू लागला.

या ८३ चा हिशेब मुलांकडून सावकाश करवून घ्यावा. पाठाचा गाभा तेथेच आहे. त्यांपैकी ७३ घरे अशी की, त्यांना ब्रॉड स्ट्रीटचा पंपच जवळचा होता. या ७३ पैकी ६१ जण त्या पंपाचे पाणी नित्य किंवा अधूनमधून पीत असल्याचे कळले, ६ जण पीत नसल्याचे कळले, आणि उरलेल्या ६ जणांची माहिती सांगण्यास घरात कोणी उरले नव्हते किंवा होते ते निघून गेले होते. राहिली १० घरे. त्यांना दुसरा पंप जवळचा होता. पंपाच्या पाण्यानेच रोग आला असे म्हणावे, तर या दहांचे काय? येथे शिक्षकाने थांबावे, आणि उत्तर न सांगता मुलांना विचार करू द्यावा.

स्नो त्या दहाही घरांशी गेला. पाच कुटुंबांनी सांगितले की, आम्हांला ब्रॉड स्ट्रीटचे पाणी आवडते म्हणून आम्ही तेथूनच आणवितो. आणखी तीन घरांतून मृत्यू पावली होती ती लहान मुले, आणि ती मुले ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाजवळच्या शाळेत जात असत. त्यांपैकी दोघे तेथील पाणी पीत हे निश्चित ठाऊक होते. तिसऱ्याच्या आईबापांनाही तसेच वाटत होते. घर एका पाण्यावर, शाळा दुसऱ्या पाण्यावर. नुसत्या घराच्या पत्त्यावरून ही गोष्ट कधीच कळली नसती. ती विचारावी लागली. अशा रीतीने दहांपैकी दोनच मृत्यू बिनउलगड्याचे राहिले, आणि एवढे मृत्यू साथ नसलेल्या भागांतही तेव्हा होतच होते.

७ सप्टेंबरच्या संध्याकाळी स्नोने त्या भागाच्या व्यवस्थापक मंडळापुढे आपले म्हणणे मांडले. दुसऱ्या दिवशी, ८ सप्टेंबर रोजी, पंपाचा दांडा काढून घेण्यात आला.

पुष्कळ पुस्तकांत गोष्ट येथे संपते : स्नोने नकाशा काढला, पंप ओळखला, दांडा काढला आणि साथ थांबली. मुलांना ती अशी सांगू नये, कारण ती तशी घडलेली नाही. ८ सप्टेंबरपर्यंत रोजच्या नव्या रोग्यांचा आकडा १२ वर उतरला होता. साथ अगोदरच ओसरू लागली होती, आणि हे स्नोने स्वतःच प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे. तो प्रसिद्ध नकाशाही दांडा काढल्यानंतरचा आहे. १८५४ च्या अखेरीस तो तयार झाला आणि १८५५ साली स्नोच्या पुस्तकाच्या वाढविलेल्या आवृत्तीत छापला गेला. शोध पायी फिरून लागला. नकाशाने तो इतरांच्या डोळ्यांना दाखविला, आणि तपासून पाहण्याजोगा केला.

नकाशाची रचना अगदी साधी होती. रस्ते व घरे यांच्या छापील नकाशावर प्रत्येक मृत्यूसाठी त्या त्या घरापाशी एक आखूड काळी रेघ. एका घरात चार मृत्यू तर चार रेघा एकीवर एक. पाण्याचे पंप ठिपक्यांनी दाखविलेले. ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती रेघांचे काळे ढीग दिसतात. दुसऱ्या पंपांकडे जावे तशा त्या विरळ होत जातात. पुढे स्नोने या नकाशात एक तुटक रेघ घातली. त्या रेघेवरील कोणत्याही ठिकाणापासून ब्रॉड स्ट्रीटचा पंप आणि दुसरा जवळचा पंप सारख्याच अंतरावर आहेत. आणि हे अंतर कसे मोजले? पक्षी उडतो तसे सरळ रेषेत मोजले नाही, रस्त्याने चालत जावे लागेल तसे मोजले. घागर घेऊन जाणारे माणूस भिंतीतून जात नाही, ही गोष्ट या डॉक्टरने ध्यानात ठेवली. त्या रेघेच्या आत मृत्यू दाट आहेत, बाहेर जवळजवळ नाहीत.

आता अपवाद पाहावेत, कारण नकाशाची खरी परीक्षा अपवादांत होते. पोलंड स्ट्रीटवर निराधार दरिद्री लोकांचे श्रमगृह होते. त्याच्या तिन्ही बाजूंच्या घरांत माणसे मरत होती, आत ५३५ माणसे दाटीने राहत होती, आणि त्यांपैकी अवघी ५ दगावली. शेजारच्या रस्त्यांच्या प्रमाणात मृत्यू झाले असते तर शंभरावर गेले असते. श्रमगृहाची स्वतःची विहीर होती. ब्रॉड स्ट्रीटवरच बिअर गाळण्याचा कारखाना होता. त्यात सत्तरहून अधिक कामगार. पटकीने एकही मेला नाही. कामगारांना कारखान्यातून पेय मिळे, ते पंपाकडे फिरकतच नसत, आणि कारखान्यातही खोल विहीर होती. त्याच रस्त्यावर बंदुकीच्या टोप्या बनविण्याचा कारखाना होता. तेथे पिण्यासाठी पंपाच्या पाण्याने भरलेली दोन पिंपे ठेवीत. तेथील १८ कामगार मेले. हवा तर तिन्ही ठिकाणी एकच होती.

श्रमगृहाच्या उदाहरणापाशी थोडे अधिक थांबणे इष्ट आहे. साथ आली की ती गलिच्छ, अडाणी, दरिद्री लोकांमुळे आली असे म्हणण्याची रीत सर्व देशांत आहे. सोहोत सर्वांत दरिद्री माणसे श्रमगृहात होती, आणि तीच वाचली.

याहून विलक्षण एक अपवाद होता. सोहोपासून कित्येक मैल दूर, हॅम्पस्टेड या उंचावरील निरोगी भागात, एक वृद्ध विधवा पटकीने मेली. तिच्या शेजारपाजारी रोगाचा मागमूसही नव्हता. चौकशीअंती कळले की, ती पूर्वी ब्रॉड स्ट्रीटवर राहत असे आणि तेथील पाण्याची चव तिला इतकी आवडे की, गाडीवानाकडून रोज एक मोठी बाटली ती मागवून घेई. ३१ ऑगस्टला भरलेले पाणी ती प्याली. तिला भेटावयास आलेली भाचीही तेच पाणी प्याली, इस्लिंग्टन येथे आपल्या घरी परतली आणि मेली. त्या दोन्ही भागांत दुसरा रोगी नव्हता.

तरीही सर्वांस हे पटले नाही. सेंट ल्यूक चर्चमधील तरुण धर्मोपदेशक हेन्री व्हाइटहेड यास स्नोचे मत चुकीचे आहे असे सिद्ध करावयाचे होते. तो त्याच वस्तीत काम करणारा, घरोघर ओळखीचा. एकेका कुटुंबाकडे पाच-पाच वेळा जाण्यास न कंटाळणारा. गावात शिक्षकाचे जसे स्थान असते तसेच त्याचे तेथे होते. स्नोने मुख्यतः मेलेल्यांची चौकशी केली होती. व्हाइटहेडने जगलेल्यांचीही केली, आणि यामुळे पुरावा पुरा झाला. ब्रॉड स्ट्रीटवरील ज्या रहिवाशांची माहिती त्यास मिळाली, त्यांपैकी पंपाचे पाणी प्यालेल्या १३७ जणांत ८० जणांना पटकी झाली. न प्यालेल्या २९७ जणांत २० जणांना. दोन्हींची शेकडेवारी सहावी-सातवीच्या मुलांनी काढावी. पहिली सुमारे ५८ येते, दुसरी ७ च्या आत. न पिणाऱ्यांचा आकडा विचारला नसता तर हा ताळा घेताच आला नसता.

मग व्हाइटहेडला नोंदवहीत एक नोंद आढळली. ४० क्रमांकाच्या घरातील एका पोलीस शिपायाची पाच महिन्यांची मुलगी जुलाबाने मेली होती. ती २८ ऑगस्टच्या सुमारास, म्हणजे साथ उसळण्यापूर्वी, आजारी पडली होती. आईने तिची दुपटी बादलीत धुतली आणि ते पाणी घरापुढील मैलाकुंडात ओतले. पंप नेमका त्याच घरासमोर होता. १८५५ च्या वसंतात खोदून पाहिले तेव्हा कुंडाच्या विटा ढिल्या झालेल्या, आणि कुंड व विहीर यांतील अंतर तीन फुटांहूनही कमी आढळले. कुंडातील मैला विहिरीत झिरपत होता. त्या मुलीचा बाप ८ सप्टेंबर रोजी, ज्या दिवशी दांडा काढला त्याच दिवशी, पटकीने पडला आणि पुढे मेला. पंप चालू राहिला असता तर त्याच विहिरीत दुसऱ्यांदा विष उतरले असते. दांडा काढून साथ थांबली नसेल. दुसरी साथ मात्र त्यामुळे टळली असण्याचा संभव मोठा आहे.

नकाशाचा एक धोकाही शिक्षकाने जाणून घ्यावा. याच साथीचा एक नकाशा स्नोच्या अगोदर एडमंड कूपर या गटारखात्याच्या अभियंत्याने काढला होता. १६६५ सालच्या प्लेगमध्ये मेलेल्यांना जेथे पुरले होते, त्या जागेतून गटारांवाटे दूषित हवा येते अशी लोकांत बोलवा होती, ती तपासण्यासाठी. त्यानेही मृत्यू घरोघर दाखविले होते. पाण्याचा प्रश्नच त्याने विचारला नव्हता, म्हणून उत्तरही आले नाही. मृत्यूच्या आकड्यांचे मोठे जाणकार विल्यम फार यांना १८४९ च्या साथीत असे आढळले होते की, जमीन जसजशी उंच तसतसे मृत्यू कमी. आकडे बरोबर होते. सखल भागात हवा दूषित असते असे अनुमान त्यांनी काढले. सखल भागातील लोक टेम्स नदीचे घाण पाणी पितात हे त्या आकड्यांत दिसत नव्हते. १८६६ च्या साथीत फार यांनी स्वतः पाण्याचे कारण मान्य केले. स्नो तोवर हयात नव्हता. १८५८ साली, पंचेचाळिसाव्या वर्षी, तो वारला होता.

रोगाचा जंतू इटलीत फिलिप्पो पाचिनी यांनी १८५४ सालीच पाहिला होता, पण त्याकडे कोणी लक्ष दिले नाही. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यात तो वेगळा काढला. एका तलावाकाठच्या वस्तीत रोगी पडत होते. लोक त्याच तलावात धुणी धूत व त्याचेच पाणी पीत. त्या पाण्यात कॉख यांना तोच जंतू सापडला. स्नोने जे न पाहता ताडले होते ते असे तीस वर्षांनी दिसले.

हा पाठ वर्गात करावयाचा तर जमिनीवर खडूने किंवा रांगोळीने पाच-सहा रस्ते आखावेत. हातपंपाच्या जागी वाटी ठेवावी. तीन वाट्या पुरेत. प्रत्येक मृत्यूसाठी एक चिंचोका. शिक्षकाने अगोदर कागदावर कल्पित घरे व मृत्यू लिहून ठेवावेत आणि मुलांनी एकेक नोंद वाचून चिंचोका ठेवीत जावे. दोन-तीन चिंचोके मुद्दाम दूर ठेवावेत, आणि त्यांची कारणे वेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहून घडी घालावी : हा मुलगा मामाकडे शाळेस जात असे, या घरी पाहुण्यांनी पाणी आणले होते. दोन वाट्यांमधील अंतर सुतळी रस्त्याने वळवीत मोजावे, आणि तीच सुतळी ताणून सरळ अंतराशी ताडून पाहावी. फरक पाहून मुले हमखास बोलू लागतात.

त्यानंतर गावाचा पाणीनकाशा करावा. यात रोगी दाखवू नयेत, नावे तर मुळीच लिहू नयेत. विहिरी, विंधन विहिरी, नळपाणी योजनेची टाकी, नळाची वाट, व्हॉल्व्ह, गटारे, शौचालयांचे खड्डे, गुरे धुण्याची जागा एवढेच दाखवावे. कोणते घर कोणते पाणी पिते हे मुले घरी विचारून सांगतील, आणि शाळेत ती काय पितात हेही त्यात आलेच पाहिजे. आज पुष्कळ गावांत नळ आले आहेत, म्हणून साथीचे रूपही बदलले आहे. विहीर दूषित असेल तर रोगी तिच्याभोवती गोळा झालेले दिसतात. फुटलेल्या नळात, पाणी बंद असताना, शेजारच्या गटाराचे पाणी शिरते, आणि रोगी त्या नळाच्या वाटेने, फुटीच्या पुढल्या घरांत, ओळीने दिसतात. गावभर विखुरलेले रोगी दिसले तर सर्वजण एकाच पंगतीस जेवले होते काय, हे विचारावे लागते.

जुलाबाची साथ खरोखरच आली तर तिचा शोध घेणे हे शाळेचे काम नव्हे. एकाच आठवड्यात एका आळीतील तीन-चार मुले जुलाबाने गैरहजर दिसली, तर शिक्षकाने त्याच दिवशी आशाताईंना व प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे, आणि मुलांना लगेच ओ.आर.एस.चे पाणी सुरू करण्यास पालकांस सांगावे. हजेरीपट ही गावातील सर्वांत जलद नोंदवही आहे. दवाखान्याच्या वहीत नाव चढण्यापूर्वी मूल शाळेतून गैरहजर झालेले असते. शाळेचा पाणीनकाशा त्या वेळी आरोग्यसेवकाच्या हाती द्यावा, म्हणजे कोठे नमुने घ्यावयाचे हे त्यास शोधत बसावे लागणार नाही. एरवी तो वर्गात टांगून ठेवावा. दर जूनमध्ये, पहिल्या पावसापूर्वी, पाण्यात टी.सी.एल. टाकणाऱ्या जलसुरक्षकास बोलावून मुलांच्या देखत तो ताडून घ्यावा. वर्षभरात नवी बोअर पडलेली असते, एखादी विहीर बुजलेली असते, आणि शौचालयाचा एखादा खड्डा पाण्याच्या फार जवळ आलेला असतो.